पाच वर्षांच्या डायनोसॉरवेड्या मुलाचा वाढदिवस: नागपुरात अर्ध्या दिवसाची सहल कशी आखायची

डायनोसॉरच्या वाढदिवसात चुकतं ते बहुतेक वेळेचं गणित. सजावट, केक, टोप्या सगळं जागेवर असतं. पण पाच वर्षांचं मूल दोन तास गाडीत, दोन तास उन्हात आणि मग तासभर केकची वाट बघत असेल, तर मेणबत्त्या विझवायच्या आधीच ते रडायला लागतं. म्हणून पहिली मर्यादा अशी: घरातून निघाल्यापासून शेवटचं मूल परत पोचेपर्यंत साडेचार तास, त्यापुढे नाही. दोनच ठिकाणं ठेवायची, एक डायनोसॉर बघायचं आणि दुसरं केक कापायचं. तिसरं ठिकाण कितीही जवळ असलं तरी वगळा.

इथे नागपूर डोळ्यांसमोर ठेवलं आहे, त्याला दोन कारणं. गांधीसागर तलावासमोर १९९२ पासून रमण विज्ञान केंद्र आहे आणि तिथे प्रागैतिहासिक प्राण्यांचा विभाग आहे. दुसरं कारण जास्त मोलाचं वाटतं: विदर्भाच्या जमिनीत खरोखरचे डायनोसॉर सापडले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात, गडचिरोलीत सिरोंच्याजवळ. ज्या मुलाला टी. रेक्सचं नाव पाठ आहे, त्याला आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला डायनोसॉर माहीत नसणं ही चुटपूट लावणारी गोष्ट आहे. वाढदिवसाच्या निमित्ताने ती सहज भरून काढता येते.

दिवस, वेळ, माणसं

नागपुरात ही सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत करावी. मूल एप्रिल-मेमध्ये जन्मलेलं असेल, तर त्या तारखेला घरी औक्षण करा आणि सहल पुढच्या थंडीसाठी ठेवा, किंवा फक्त घरातला खेळ करा. पंचेचाळीस अंशांत लहान मुलांना उघड्यावर फिरवायचं नाही.

वार रविवार, आणि वेळ केंद्र उघडतं तेव्हाची. डिसेंबर-जानेवारीत इतर दिवशी शाळांच्या सहलींच्या बसेस येतात. शंभर मोठी मुलं आणि तुमची सहा लहान मुलं एकाच वेळी आत असली, तर तुमच्या मुलांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात. रविवारी दुपारनंतर कुटुंबांची गर्दी होते. सकाळचा पहिला दीड तास सगळ्यात मोकळा. वेळा, सुट्टीचे दिवस आणि तिकिटं आदल्या आठवड्यात फोन करून विचारून घ्या, आणि गटासाठी वेगळं काही भरावं लागतं का तेही.

मुलांची संख्या वयापेक्षा एकाने जास्त, म्हणजे पाचव्या वाढदिवसाला सहा मुलं, वाढदिवसाचं मूल धरून. दर दोन मुलांमागे एक मोठं माणूस, आणि शिवाय एक मोकळं माणूस: तिकिटं काढायला, एखाद्याला शू लागली तर घेऊन जायला, फोटो काढायला. म्हणजे सहा मुलांना चार मोठे. कोणाकडे कोणती दोन मुलं हे नावानिशी लिहून द्या. चौघं मिळून सहा जणांवर लक्ष ठेवतील असं ठरलं, की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, आणि मूल हरवतं ते नेमकं अशाच गटात. मुलांना एकाच रंगाच्या टोप्या द्या, भडक पिवळ्या असल्या तर उत्तम. नाव बाहेरून दिसेल असं लावू नका, अनोळखी माणूसही नावाने हाक मारू शकतो. पालकांचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून चिकटपट्टीने टोपीच्या आतून लावा.

आधी एकदा स्वतः जाऊन या

ही पायरी लोक गाळतात आणि मग तिथे पोचल्यावर अडतात. दोन-तीन आठवडे आधी मुलाला न नेता एकटे जा आणि तासभर फिरा. बघायचं ते असं: कोणतं मॉडेल हलतं आणि आवाज करतं, तो आवाज किती मोठा आहे, स्वच्छतागृह कुठे आहे आणि तिथून किती पावलांवर आहे, पिण्याचं पाणी आहे का, सावलीत सहा मुलं बसतील अशी जागा कुठे आहे, बाहेरचं खाणं आत चालतं का. एखादं मॉडेल दुरुस्तीसाठी बंद असेल तर तेही आधीच कळतं. मुलाला ज्याची आशा लावली तेच बंद निघालं, तर सकाळ वाया जाते.

फिरताना फोनवर प्रत्येक मॉडेलचा फोटो काढा. त्यातले सहा निवडून शोधपत्र बनवायचं आहे: जाड कागदावर सहा चौकोन, प्रत्येकात एक खूण. संपूर्ण प्राणी दाखवू नका, फक्त तुकडा दाखवा. शिंग, पायाची नखं, पाठीवरचे काटे, लांब मान, शेपटीचं टोक. मूल ते शोधून काढतं आणि त्या चौकोनावर स्टिकर लावतं. अक्षरं न येणाऱ्यालाही हे जमतं. जिथे फक्त बघायचं असतं तिथे पाच वर्षांचं मूल दहा मिनिटांत कंटाळतं. काहीतरी शोधायचं असेल तर तेच मूल पाऊण तास रमतं.

निमंत्रण

आठ-दहा दिवस आधी, फोनवर, पालकांना लागणाऱ्या सगळ्या माहितीसह. काहीसं असं:

"रविवारी ईशानच्या वाढदिवसानिमित्त डायनोसॉर बघायला जाणार आहोत. सकाळी १० वाजता रमण विज्ञान केंद्राच्या फाटकाशी भेटू. साडेबारापासून आमच्या घरी जेवण आणि केक, दोनपर्यंत मुलांना घेऊन जा. पायात बूट, अंगात मळले तरी चालतील असे कपडे, पाण्याची बाटली. कशाची ॲलर्जी असेल, किंवा मूल मोठ्या आवाजाला घाबरत असेल, तर आधी सांगा. लहान भावंडांना या वेळी आणता येणार नाही, मोठ्या माणसांची संख्या ठरलेली आहे."

शेवटचं वाक्य लिहायला अवघड जातं, पण लिहाच. दोन वर्षांचं भावंड आलं की एक मोठं माणूस पूर्णपणे त्याच्यामागे जातं. शिवाय पुढे खेळात लहान वस्तू आहेत, त्या त्याच्या तोंडात जाण्याची भीती.

अंडी: हे काम एक आठवडा आधी

सहलीचा सगळ्यात आनंदाचा भाग म्हणजे घरी आल्यावर अंडं फोडून आतला डायनोसॉर काढणं. बाजारात प्लॅस्टर ऑफ पॅरिसची तयार अंडी मिळतात. ती पाच वर्षांच्या हातांना फार कडक जातात. मग मोठ्यांना हातोडी घ्यावी लागते आणि पांढरी धूळ डोळ्यांत जाते. मैदा-रेतीची घरची अंडी बरी.

आठ अंड्यांसाठी (सहा मुलांची, दोन जादा): ४ वाट्या मैदा, ४ वाट्या बारीक चाळलेली रेती, २ वाट्या मीठ, दीड ते दोन वाट्या पाणी, आणि ४-५ सेंटिमीटर लांबीचे आठ प्लॅस्टिकचे डायनोसॉर. कोरडं सगळं आधी एकत्र करा, मग पाणी थोडं थोडं घाला. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवा. मुठीत दाबला तर बोटांचे ठसे उमटले पाहिजेत, पण हाताला चिकटता कामा नये. चिकटला तर रेती घाला; मैदा वाढवला की अंडं चिवट होतं आणि फुटताना भुरभुरत नाही, तुकड्याने लवतं.

अंगणातली काळी माती रेतीऐवजी वापरायचा मोह होतो. ती वापरू नका. काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात शेतात पडतात तशा भेगा अंड्याला दुसऱ्याच दिवशी पडतात आणि आतल्या डायनोसॉरची शेपटी बाहेर दिसू लागते.

डायनोसॉरभोवती मिश्रण लिंपा, सगळीकडे करंगळीच्या जाडीचा थर, आणि दोन तळहातांत लाडू वळतात तसं गोल वळा. गोलच करा, कोंबडीच्या अंड्यासारखं निमुळतं नको. नर्मदेच्या खोऱ्यात टायटॅनोसॉरची (लांब मानेच्या प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची) जी अंडी सापडतात ती गोल असतात, साधारण वीतभर व्यासाची. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातून अशी ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवल्याचं संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. मुलांना अंडी देताना हा आकडा सांगा. २५६ म्हणजे किती ते त्यांना कळत नाही, पण डोळे मोठे होतात.

अंडी सावलीत जाळीवर ठेवा आणि रोज अर्धा फेरा फिरवा. थंडीत नागपूरची हवा कोरडी असते, चार-पाच दिवसांत ती वाळतात. थेट उन्हात ठेवली तर वरचा थर आधी आवळतो, आतला ओला राहतो आणि अंडं उकलतं. ओव्हनमध्ये तर अजिबात नाही, आतलं प्लॅस्टिक वितळतं. पावसाळ्यात करायची वेळ आली तर पंख्याखाली पुरते सात-आठ दिवस धरा. वाळलं की नाही हे वजनावरून कळतं: हाताला हलकं लागतं आणि नखाने टोकरलं तर रेतीचा कण सुटतो.

आदल्या दिवशी

मुलाला आवाजाची सवय करून द्या. फोनवर डरकाळी बारीक आवाजात ऐकवा आणि सांगा की यंत्रात मोटर असते, माणूस बटण दाबतो, मग मान हलते. हे कळलं की भीती निम्मी होते. चार-पाच वर्षांच्या मुलांना डायनोसॉर अतिशय आवडतात आणि समोर डरकाळी फोडणारा आला की तीच मुलं आईच्या पायाला घट्ट धरतात. दोन्ही एकाच मुलात असतं, त्यात लाजायचं काही नाही, आणि त्याला चिडवायचं तर मुळीच नाही.

घरी घमेल्यात किंवा मोठ्या टबात पाच-सहा सेंटिमीटर रेती पसरून ठेवा. बांधकामाची रेती आणली असेल तर चाळा. तिच्यात खडे आणि कधी काचेचे तुकडेही असतात. खेळ सुरू करायच्या आधी हलकं पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडणार नाही. जुने टूथब्रश आणि आइस्क्रीमच्या काड्या प्रत्येकाला एक-एक. स्क्रू-ड्रायव्हर, चमचे, खिळे नकोत.

सुतळीचा १४ मीटरचा तुकडा मोजून कापून ठेवा. तो कशाला, ते पुढे येतं.

त्या दिवशी

सकाळी आठला घरी औक्षण, नवे कपडे, आजी-आजोबांना नमस्कार. मग मळखाऊ कपडे घाला. नव्या कुर्त्यात मूल रेतीत बसत नाही. डायनोसॉरचा पूर्ण पोशाख किंवा लांब शेपटी केकच्या वेळेसाठी ठेवा. पायऱ्यांवर शेपटी दुसऱ्याच्या पायात येते, आणि बंद पोशाखात मूल थंडीतही घामाघूम होतं.

नाश्ता भरपेट द्या. पोहे, उपमा, काहीही, पण रिकाम्या पोटी नको. गाडीत प्रत्येक मुलाला स्वतःची जागा हवी, मांडीवर बसवू नका.

दहाला फाटकाशी जमा, आत शिरण्याआधी सगळ्यांना स्वच्छतागृहात नेऊन आणा. टोप्या, शोधपत्र, स्टिकर वाटा. मोकळं माणूस तिकिटं काढून तयार हवं. रांगेत सहा मुलांना उभं करण्यात पंधरा मिनिटांचा उत्साह संपतो.

आत गेल्यावर आधी स्थिर, शाकाहारी, लांब मानेच्या प्राण्याकडे. हलणाऱ्या आणि ओरडणाऱ्याकडे शेवटी, आणि तेही लांबून. पंधरा पावलांवर थांबा, मुलांना कानांवर हात ठेवायला सांगा, मग ज्याला पुढे जायचं तो जाईल. जो मागे राहिला त्याच्याजवळ एक मोठं माणूस थांबेल. फोटोसाठी घाबरलेल्या मुलाला पुढे ढकलणं ही या सहलीतली सगळ्यात वाईट चूक आहे; ते मूल उरलेला वेळ रडतं आणि त्याचं बघून आणखी दोघं.

तिथे मुलं प्रश्न विचारतील, त्यातले तीन हमखास येतात. माणसं आणि डायनोसॉर कधी भेटले का? नाही, शेवटचे मोठे डायनोसॉर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच संपले. उडणारे डायनोसॉर कुठे आहेत? ते पंखवाले सरपटणारे प्राणी डायनोसॉर नव्हते, त्यांचे नातेवाईक होते. खरे उडणारे डायनोसॉर म्हणजे झाडावरचे पक्षी. टी. रेक्स आपल्याकडे होता का? नव्हता, तो उत्तर अमेरिकेतला. आपल्याकडे गुजरातेत राजासॉरस होता, डोक्यावर छोटं शिंग असलेला मांसाहारी, त्याचं नाव २००३ मध्ये ठेवलं गेलं. मूल "राजा" हा शब्द ऐकून जे खूश होतं, ते बघण्यासारखं असतं.

पाऊण तासाने पाणी, दहा मिनिटं सावलीत बसणं, पुन्हा स्वच्छतागृह. तारांगण किंवा अंधारातला चित्रपट या सहलीत घेऊ नका. चांगले आहेत, पण वेगळ्या दिवसाचे. साडेअकराला मोकळी जागा मिळाली, तर सुतळी काढा.

सिरोंचा तालुक्यात, पोचमपल्ली गावाजवळ, १९६१ च्या सुमारास एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडं काढली गेली. ते रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचं वर्ष, म्हणून त्याचं नाव बारापासॉरस टागोरी. "बारापा" म्हणजे मोठ्या पायांचा. सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे, लांबी सुमारे १४ मीटर. सुतळी जमिनीवर सरळ ताणा आणि मुलांना तिच्या कडेने डोक्याला पाय लावून झोपायला सांगा. पाच वर्षांचं मूल साधारण एक मीटर पाच ते दहा सेंटिमीटर असतं. सहा मुलं झोपली की सुतळी अर्धीही संपत नाही. मग पहिल्या मुलाने उठून पुढे धावत जाऊन झोपायचं, मग दुसऱ्याने. तेराव्यांदा कोणीतरी झोपलं की शेपटीचं टोक येतं. आकडा सांगून जे कळत नाही ते पाठीला कळतं. जागा मिळाली नाही तर हा खेळ घरासमोरच्या रस्त्याकडेला न करता गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात करा.

पावणेबाराला बाहेर पडा, सगळ्यांनी शोधपत्र पूर्ण केलं नसलं तरी. बाहेर पडताना फाटकाशी मोठ्याने मोजा: एक, दोन, तीन. गाडीत बसल्यावर पुन्हा.

घरी: आधी जेवण, मग केक, शेवटी अंडी

हा क्रम उलटा झाला तर फसतो. अंडी आधी दिली तर मुलं जेवायला उठत नाहीत आणि हात मिठाने-रेतीने भरलेले असतात. केक आधी दिला तर जेवण तसंच राहतं.

एक मोठं माणूस सकाळपासून घरीच थांबलेलं हवं. जेवणात पालकाचे आप्पे सोपे आणि विषयाला धरून: गोल, हिरवे, अंड्यांसारखे. एक किलो तयार इडलीच्या पिठाला अर्धी वाटी शिजवलेल्या पालकाची प्युरी. एका किलोत साधारण चाळीस आप्पे होतात. सहा मुलं आणि आठ मोठ्यांना दोन किलो पीठ पुरतं. बरोबर ओल्या नारळाची मिरची न घातलेली चटणी, दहीभात, आणि बिया काढलेल्या संत्र्याच्या फोडी; थंडीत नागपुरात दुसरं फळ शोधायला नको. द्राक्षं द्यायची तर उभी चिरून. शेंगदाणे आणि पॉपकॉर्न या वयाला घशात अडकतात, ते ठेवू नका.

केक एक किलोचा चौदा-पंधरा जणांना भरपूर होतो. साखरेच्या जाड थराने मढवलेला डायनोसॉर केक फोटोत छान दिसतो आणि मुलं तो थर सोलून बशीत ठेवतात. साधा चॉकलेट केक घ्या. त्यावर १०० ग्रॅम चॉकलेट बिस्किटांचा चुरा म्हणजे माती. वाटीभर सुक्या खोबऱ्याच्या किसाला चमचाभर पाण्यात कालवलेले खायच्या हिरव्या रंगाचे तीन-चार थेंब चोळले की गवत. वर साबणाने धुऊन पुसलेले दोन खेळण्यातले डायनोसॉर. मेणबत्त्या त्यांच्यापासून चार बोटं लांब लावा, स्वस्त प्लॅस्टिक लगेच वाकतं.

केक कापताना गवत कशाला, हे कोणीतरी विचारेल, आणि इथे आपल्याकडची सगळ्यात गमतीची गोष्ट येते. वरोरा तालुक्यातल्या पिसदुरा गावाच्या परिसरात डायनोसॉरची दगड झालेली शी सापडते. शास्त्रज्ञांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि तिच्यात गवताचे सूक्ष्म कण मिळाले. हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. डायनोसॉरच्या काळात गवत होतं आणि ते खाल्लं जात होतं, हे जगाला आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या शीमुळे कळलं. पाच वर्षांची मुलं ही गोष्ट घरी जाऊन प्रत्येकाला सांगतात, अगदी पक्की. (ती बघायला मुलांना घेऊन पिसदुऱ्याला जाऊ नका, आणि गेलात तर काही उचलून आणू नका. उचललेल्या दगडाची जागा हरवली की त्याचा अभ्यासाला उपयोग राहत नाही.)

एक वाजता अंडी. प्रत्येकाला टबाभोवती ठरलेली जागा, एक अंडं, एक ब्रश, एक काडी. आधी ब्रशला पाणी लावून अंड्याचा एकच भाग ओला करायला शिकवा, मग तिथेच काडीने खरवडायचं. वीस ते तीस मिनिटं लागतात. एखाद्याचं लवकर फुटलं तर त्याला दुसऱ्याच्या अंड्याला हात लावू देऊ नका. त्याला मोठा ब्रश देऊन आपला डायनोसॉर धुवायच्या कामाला लावा. मिश्रणात भरपूर मीठ आहे, तोंडात घालायचं नाही हे सुरुवातीलाच सांगा, आणि हाताला जखम असलेल्या मुलाला हातमोजे घाला किंवा पट्टी लावा, मीठ झोंबतं.

निघालेला डायनोसॉर हीच परतभेट. वेगळ्या पिशव्या भरायची गरज नाही. शोधपत्रही बरोबर द्या.

दुसऱ्या शहरात असाल तर

मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आहे. वेळेचं गणित तेच, फक्त प्रवास धरून एक तास आधी निघा. हैदराबादच्या मराठी घरांना बिर्ला विज्ञान संग्रहालय जवळ आहे. तिथे आदिलाबादकडच्या यमनपल्लीहून आणलेला कोटासॉरस या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचा खरा सांगाडा आहे, ४४ फूट लांब. तो हलत नाही, ओरडत नाही, म्हणून घाबरट मुलांसाठी तीच जागा सगळ्यात योग्य. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला जीवाश्म उद्यान आणि संग्रहालय आहे, पण महाराष्ट्रातून तो दोन दिवसांचा प्रवास होतो; मूल आठ-नऊ वर्षांचं झाल्यावर जा.

रेती पाण्याने मोरीत सोडू नका, मैदा आणि रेती मिळून नळी तुंबते. टब आधी कोरडा होऊ द्या, रेती चाळून परत पिशवीत भरा, मैद्याचे तुकडे कचऱ्यात. दोन जादा अंड्यांपैकी एक सहसा वाळताना तडकतं. दुसरं ठेवून द्या. सहा मुलांत एखाद्याला ऐन सकाळी ताप येतोच. ते अंडं, एक टूथब्रश आणि केकचा तुकडा संध्याकाळी त्याच्या घरी पोचवा.